डाव्या बाजूचं विमान

रविवारी सकाळी साडेनऊला मी आमच्या कॉम्प्युटरच्या टेबलाभोवती प्रदक्षिणा घालायचे. कुठूनही सुरुवात करून चालायचं नाही. मॉनिटर म्हणजे विमानाचं नाक, तिथून निघायचं. खिडकीकडच्या बाजूने मागे जायचं, कपडे वाळत घालायचा स्टँड आला की ते शेपूट, मग दुसऱ्या बाजूने परत नाकाशी. वाटेत दोनदा वाकायचं, कारण तिथे चाकं आहेत. माझी साठी जवळ आलेली, गुडघे दुखतात, आणि तिथे चाकंबिकं काही नाहीत, लखनौच्या अलीगंजातल्या आमच्या घराची जुनी फरशी आहे. तरी खुर्चीतून प्रश्न यायचा, "टायर?"

"ठीक."

"नीट बघितलंस का?"

"अहो, फरशी बघितली. पुसायला झालीय."

यावर खुर्चीतून जो सुस्कारा निघायचा, तो ऐकून परक्या माणसाला वाटावं की बिचाऱ्याच्या नशिबी काय बायको आली आहे.

खुर्चीत आमचे हे. सातारा जिल्ह्यातले, हवाई दलात एअरफ्रेम फिटर होते, म्हणजे विमानाचं धड, पंख, चाकं, काचा हे सगळं सांभाळणारे. उभी नोकरी विमानांच्या पोटाखाली गेली. विमान उडवलं मात्र एकदाही नाही. शेवटची बदली लखनौजवळच्या बख्शी का तालाबच्या विमानतळावर झाली, मी तोवर लखनौच्या एका संशोधन संस्थेत वनस्पतिशास्त्रात रुजले होते, म्हणून निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. पुढची काही वर्षं ह्यांनी कॉलनीतले सगळे पंखे, नळ आणि कुकर दुरुस्त केले. मग मुलाने बंगळूरहून एक तगडा कॉम्प्युटर, एक जॉयस्टिक आणि लढाऊ विमानांचा एक खेळ पाठवला. "पापा का टाइम पास हो जाएगा," म्हणाला. आमचा मुलगा आमच्याशी हिंदीतच बोलतो. मराठी त्याला सगळी कळते, विशेषतः मी रागावलेली असले की.

टाइम पास झाला, तो माझा. पहिल्या महिन्यात ह्यांनी जुन्या मारुतीचा पट्टा आणून खुर्चीला बसवला. दुसऱ्या महिन्यात खेळ थांबवायचं बटण वापरणं बंद केलं. हवेत असताना विमान थांबतं का, असा सवाल. त्यामुळे गॅसचा सिलिंडर घेऊन भैया दारात उभा, मी अंघोळीला गेलेली, आणि हे तिथूनच ओरडणार, "भैया, पाँच मिनट, लैंडिंग कर रहा हूँ!" भैया पहिल्यांदा घाबरून वर आकाशाकडे बघत होता. नंतर सवय झाली. लखनौची माणसं सभ्य, दुसऱ्याच्या वेडाला नावं ठेवत नाहीत, तोंडावर तरी. जेवण डब्यात भरून द्यायचं, कारण पायलट ताटात जेवत नाही. धावपट्टीवर नीलगाय आली आहे का ते मी खिडकीतून बघून सांगायचं, कारण बख्शी का तालाबच्या आसपासच्या शेतांत नीलगायी फार आणि खेळवाल्यांनी त्या घातलेल्याच नाहीत. "सगळं खरं केलंय त्यांनी," हे हळहळायचे, "एवढंच विसरले." मी खिडकीतून समोरच्यांची स्कूटर आणि पेरूचं झाड बघायचे आणि सांगायचे, नाही, नीलगाय नाही.

इथपर्यंत मी सोसलं. खरं भांडण झालं ते सहीवरून.

हवाई दलात प्रत्येक विमानाची एक जाडजूड वही असते. तिला सगळे नुसतं सेव्हन हंड्रेड म्हणतात. विमान उडण्याआधी ज्याने त्याने आपापलं काम तपासून त्या वहीत सही करायची. इंजिनवाल्याने इंजिनाखाली, फिटरने धडाखाली. काही बिघाड दिसला तर तो स्नॅग म्हणून लिहायचा. स्नॅग लिहिला की विमान जमिनीवर. दुरुस्त करून कामगाराने सही केल्याशिवाय ते हलत नाही, मग पायलट कितीही मोठा साहेब असो. पायलट शेवटी येतो, वही वाचतो, ताब्यात घेतल्याची सही करतो आणि उडतो. ज्याने तपासलं तो उडत नाही, जो उडतो त्याने तपासायचं नाही. ह्यांची सगळी नोकरी या एका नियमावर उभी होती आणि त्याचा त्यांना अभिमान आहे, तो असावाही.

आता खेळात ह्यांची बढती झाली, हे पायलट झाले. मग फिटर कोण?

"मी नाही," मी म्हटलं.

"अगं, नुसती सही."

नुसती सही! मी उभा जन्म हर्बेरियममध्ये काढला आहे. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह. प्रत्येक कागदावर एक झाड, त्याखाली ते कुठे मिळालं, कधी मिळालं, आणि ओळखणाऱ्याची सही. जे झाड मी स्वतः पाहिलं नाही त्याखाली मी माझ्या संचालकांच्या सांगण्यावरूनही सही केलेली नाही, आणि त्यापायी दोन वर्षं प्रमोशन अडलं होतं. ती मी, अस्तित्वात नसलेल्या विमानाच्या नसलेल्या चाकांत हवा बरोबर आहे म्हणून सही करू? मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, की जे नाही ते आहे असं लिहून देणं याला आमच्याकडे लबाडी म्हणतात.

"तू एकदा आहे असं धरून तर बघ."

"धरून बघ म्हणजे काय? एक तर वस्तू असते, नाही तर नसते."

तीन आठवडे ह्यांचं विमान जमिनीवर राहिलं. म्हणजे खरोखर राहिलं. रोज सकाळी अंघोळ करून, पट्टा बांधून, कानाला हेडफोन लावून हे बसायचे, सगळी बटणं क्रमाने दाबायचे आणि सही नाही म्हणून परत सगळी क्रमाने बंद करायचे. अडवणारं कोणी नव्हतं. एक कळ दाबली की विमान उडलं असतं. पण हे दाबेनात. मग मुलाचा फोन आला. "मम्मी, साइन कर दो ना यार. आपका क्या जाता है?" माझं काय जातं ते त्याला समजावून सांगण्यात अर्थ नव्हता; तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यांच्यात न वाचताच सगळे मान्य करतात. शेवटी मी तडजोड केली. सही करीन, पण टेबलाभोवती खरोखर फिरून, जे दिसेल ते बघून. हे एवढे खूश झाले की त्या दिवशी चहा ह्यांनी केला.

रविवारी ह्यांची स्क्वॉड्रन जमायची. इंटरनेटवरून सहा माणसं एकत्र उडतात, एकमेकांशी बोलतात. लीडर कानपूरचा, एका बँकेत मॅनेजर. बाकीचेही असेच, कोणी दुकानदार, कोणी प्राध्यापक. खऱ्या विमानाला हात लावलेला माणूस एकटे हेच, म्हणून ह्यांना फार मान. त्या मानाच्या जोरावर ह्यांनी सगळ्यांना वह्या करायला लावल्या. पंधरवड्यात लीडरच्या बायकोचा मला फोन. "भाभीजी, ये आपके साहब ने क्या शुरू करवा दिया? हमारे ये रोज कहते हैं पहिया चेक करो!" आम्ही दोघी अर्धा तास बोललो. एवढं मोकळं मी त्या वर्षात कोणाशी बोलले नव्हते.

आणि याच स्क्वॉड्रनमध्ये मला पहिल्यांदा कळलं, की ह्यांना डावीकडचं दिसत नाही.

त्याआधी कळायला हवं होतं. जेवताना ताटाच्या डाव्या अंगाला ठेवलेलं पाण्याचं भांडं ह्यांच्या हाताने पडायचं. महिन्यात चार वेळा पडलं, तर मी म्हटलं, वय झालं, धांदरटपणा वाढला. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा लागायचा. ताटातली डावीकडची चटणी तशीच राहायची आणि वर हेच म्हणायचे, "आज चटणी नाही केलीस?" मी चिडून ताट फिरवायचे. मी शास्त्रज्ञ म्हणवते, पानाच्या कडेचे दाते भिंगाखाली मोजते, आणि समोर बसलेल्या माणसाचं हे ध्यानात आलं नाही. त्याचा राग मला अजून येतो.

त्या रविवारी मी सही करून तिथेच बाजूला भाजी निवडत बसले होते. पडद्यावर निळं आकाश. हेडफोनमधून लीडरचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "चार नंबर, आपके लेफ्ट में हूँ, पास में." चार नंबर म्हणजे हे. पडद्याच्या डाव्या भागात एक करडं विमान अगदी स्वच्छ दिसत होतं, पंखावरचे आकडे वाचता यावेत एवढं. हे म्हणाले, "लेफ्ट क्लियर है," आणि सरळ डावीकडे वळले. पडदा लाल झाला.

लीडर बिचारा म्हणाला, "सर, मैं तो वहीं था."

"सर्वर का प्रॉब्लेम है," हे म्हणाले. "दिखा ही नहीं."

मी मेथीची जुडी खाली ठेवली. "अहो, होतं तिथे. मला दिसलं."

हे माझ्याकडे वळून हसले. "तुला दिसलं? तुला कधीपासून विमानं दिसायला लागली?"

पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्या रविवारी मी मुद्दाम पडद्याच्या डाव्या कडेशी बोट धरलं आणि विचारलं, "हे काय आहे?" ह्यांनी मान वळवली, मग दिसलं, मग म्हणाले, "हां, आत्ता आलं ते." आत्ता आलेलं नव्हतं. ते पाच मिनिटं तिथेच उडत होतं.

मी म्हटलं, डोळे दाखवायला जाऊ. हे म्हणाले, माझे डोळे ठणठणीत आहेत, मी अजून सुईत दोरा ओवतो. हे खरं होतं, ओवतात. समोरचं सगळं लख्ख दिसत होतं. मी म्हटलं, बाजूचं दिसत नाही. हे म्हणाले, दिसत नसतं तर काळं दिसलं असतं ना, मला कुठे काळं दिसतंय, मला आकाश दिसतं. मी म्हटलं, तिथे विमान आहे. हे म्हणाले, खेळात बग आहे. नसलेलं विमान रोज तपासून घेणारा हा माणूस, त्याला असलेलं विमान दिसेना, आणि दोष खेळाचा! पालथ्या घड्यावर पाणी.

ही चेष्टेवारी न्यायची गोष्ट नव्हती, कारण आमच्याकडे स्कूटर होती. रोज सकाळी हे मला स्कूटरवरून संस्थेत सोडायचे आणि संध्याकाळी आणायचे. त्या आठवड्यात निशातगंजच्या गर्दीत डावीकडच्या गल्लीतून एक ई-रिक्षा आली. मला ती चांगली दिसत होती. ती हॉर्न वाजवत होती. ह्यांनी वेगसुद्धा कमी केला नाही. मी पाठीमागून ह्यांचा शर्ट ओढला, स्कूटर तिरकी झाली, रिक्षा माझ्या गुडघ्याला घासून गेली. रिक्षात शाळेच्या दोन मुली बसल्या होत्या. त्यांची तोंडं मला अजून दिसतात.

"ये लोग कहीं से भी घुस जाते हैं," हे रिक्षावाल्यावर ओरडले. रिक्षावाला थांबला होता. त्याने ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मला म्हणाला, "अम्मा, इनको मत चलाने दीजिए."

मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं. घरी आल्यावर मी गुडघ्याला हळद लावली आणि किल्ली मागितली. हे देईनात. "एक रिक्षावाला काय म्हणाला म्हणून मी स्कूटर सोडू?" मी रडले, ओरडले, दोन दिवस बोलले नाही, मुलाला फोन लावून दिला. मुलगा म्हणाला, "पापा, चेकअप करा लो," आणि हे म्हणाले, "हाँ बेटा, करा लेंगे," आणि झालं. मी बसने जाऊ लागले तर हे रिकाम्या स्कूटरवरून बसच्या मागोमाग संस्थेपर्यंत येऊ लागले, मला सांभाळायला. मी बसच्या मागच्या काचेतून ते बघायचे. प्रत्येक चौकात माझा जीव जायचा.

या माणसाला मी काय सांगू? माझं ऐकत नाही, मुलाचं ऐकत नाही, स्वतःच्या डोळ्यांचं ऐकत नाही. मग हा ऐकतो कोणाचं? हा प्रश्न मी रागानेच स्वतःला विचारला होता. शनिवारी कपडे वाळत घालताना, म्हणजे विमानाच्या शेपटीवर, त्याचं उत्तर सुचलं, आणि उत्तर सुचल्याचाही मला रागच आला.

रविवारी साडेनऊला मी वही घेतली. प्रदक्षिणा घातली. चाकांपाशी दोनदा वाकले आणि या वेळी फरशीकडे बघत राहिले नाही. मी स्वतःला बजावलं होतं, की आज इथे विमान आहे असं धरायचं. धरलं. करडं, उंच, पोटाखाली तेलाचा वास. आयुष्यात पहिल्यांदा मी नसलेल्या वस्तूकडे नीट बघितलं आणि सांगायला हरकत नाही, मला थोडी भीती वाटली. एवढ्या मोठ्या वस्तूची जबाबदारी नोकरीत हे रोज एका सहीवर घेत होते. मग मी वहीत लिहिलं: डाव्या बाजूची काच. आरपार दिसत नाही. विमान उडण्यायोग्य नाही. खाली सही केली, तारीख घातली, वही ह्यांच्या मांडीवर ठेवली.

हेडफोनमधून लीडर हजेरी घेत होता. ह्यांनी वही वाचली. परत वाचली.

"हे काय?"

"स्नॅग."

"काच साफ आहे."

"मी तपासलीय. साफ नाही."

"तू तपासलीस? तुला विमान तरी दिसतं का?"

"आज दिसलं," मी म्हटलं. "डावी काच गेलीय. त्यामुळे दोन रविवार तुम्ही लीडरला ठोकलंत. निशातगंजला त्या मुलींना ठोकणार होता."

"विमानाचा आणि निशातगंजचा काय संबंध?"

"मी फिटर आहे. मी सही केलीय. पायलटला ती खोडता येते का?"

ह्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता वही भिरकावणार आणि माझ्या अंगावर ओरडणार, की हा खेळ आहे, कॉम्प्युटर आहे, काच कसली आणि काय. एवढं एक वाक्य म्हणाले असते तर मी हरले असते.  दोन वर्षं हेच वाक्य ह्यांच्या तोंडून निघावं म्हणून मी जीव टाकला होता, आणि त्या क्षणी मी देवाला म्हणत होते की निघू नये.

"चार नंबर, रेडी?" लीडरने विचारलं.

ह्यांनी माझ्या सहीवरून बोट फिरवलं. मग माईक तोंडाशी ओढून म्हणाले, "मेरा जहाज अनसर्विसेबल है. आप लोग निकलिए."

पट्टा सोडला. बटणं एकेक करून क्रमाने बंद केली. माझ्याकडे न बघता विचारलं, "ही काच बदलणार कोण?"

"डोळ्यांचा डॉक्टर."

ह्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि वहीवर ठेवली. त्या दिवशी आम्ही दोघंही नीट जेवलो नाही. जिंकून मला काही बरं वाटलं नाही.

डॉक्टर तरुण होती. डोळ्यांत थेंब घालून, दिवा लावून बराच वेळ आत बघत राहिली, मग डोळ्यांतला दाब मोजला आणि खुर्ची मागे घेतली. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. जे गेलं ते परत येत नाही, उरलेलं औषधाने राखता येतं, पण किती उरलंय ते मशीनवर बघावं लागेल. ह्यांनी तिलाही तेच विचारलं, की गेलं असेल तर मला काळं का दिसत नाही. ती म्हणाली, "अंकल, दिमाग खाली जगह छोड़ता नहीं है. आसपास जो दिखता है, उसी से भर देता है." आकाश असेल तर आकाशाने, रस्ता असेल तर रस्त्याने. ह्यांनी मान हलवली. मी मनात म्हटलं, घ्या, नसलेलं आहे असं धरणारा घरात एक होताच, डोक्यातही एक बसला होता.

मशीन अंधाऱ्या खोलीत होतं. एक मोठा पांढरा गोल, आतून वाटीसारखा. त्यात तोंड घालून हनुवटी टेकवायची, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे एकटक बघायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीकसा पांढरा दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा झाकून दुसरा, असं आळीपाळीने. मी बाहेर बाकावर बसले. आतून बटणाचा टकटक आवाज येत होता, भराभर, एका लयीत. मला बरं वाटलं. एवढं दाबतायत म्हणजे दिसत असेल.

दहा मिनिटांनी तपासणारी मुलगी बाहेर आली. कपाळाला आठ्या. "आंटी, अंकल को समझाइए. जहाँ हमने लाइट दी ही नहीं, वहाँ भी बटन दबा रहे हैं. ये रिपोर्ट किसी काम की नहीं."

मी आत गेले. हे तोंड बाहेर काढून, अंगठा बटणावर ठेवून, झकास बसले होते.

"अहो, दिसत नसताना का दाबताय?"

"अंदाज येतो ना. एक झाला की दुसरा केव्हा येणार ते कळतं. पहिल्या मिनिटातच लय पकडली मी." आवाजात शाबासकीची अपेक्षा होती.

माझा तोल गेला. त्या मुलीसमोरच गेला. मी म्हटलं, "इथे पण खेळ? अहो, ही तपासणी आहे! तुम्ही फिटर होतात ना? न बघता कधी सही केली होतीत? एकदा तरी? मग स्वतःच्याच डोळ्यांवर कशी करताय?" मी आणखीही काही बोलले असेन. ती मुलगी भिंतीकडे बघत उभी राहिली. मराठी तिला कळत नव्हती, पण तेवढं कळायला भाषा लागत नाही.

ह्यांचा चेहरा उतरला. हलक्या आवाजात विचारलं, "आणि नाही दिसलं तर?"

दोन वर्षांत हा माणूस काही नाही दिसलं तर काय, असं पहिल्यांदाच विचारत होता. मला वाटलं होतं हे हट्टी आहेत. हे घाबरलेले होते. किती महिने घाबरलेले होते कोण जाणे, आणि मी ताट फिरवून देत होते.

"नाही दिसलं तर नाही दाबायचं," मी म्हटलं. "मी इथेच उभी आहे."

मुलीने पुन्हा सुरू केलं. या वेळी मी तिच्या मागे उभी राहिले. तिच्यासमोर छोटा पडदा होता, त्यावर दिवा जिथे चमकेल तिथे ठिपका उमटायचा. उजव्या डोळ्याचं बरं झालं. बटण सावकाश वाजत होतं, विचार करून. डाव्या बाजूला काही ठिपके सुटले, तरी बरेच धरले. मग उजवा डोळा झाकून डावा सुरू केला. उजवीकडचे दिवे ह्यांनी दाबले, मधले थोडे दाबले. नंतर दिवे डावीकडे गेले.

बटण वाजायचं थांबलं.

पडद्यावर एक ठिपका वरच्या बाजूला उमटला, जरा थांबला, विझला. एक खाली. एक मध्ये. मुलीने दिवा वाढवला, मग आणखी वाढवला. प्रत्येक ठिपक्याच्या जागी एक काळा चौकोन येत होता. मी दम धरून बटणाच्या आवाजाची वाट बघत होते. मला मोठ्याने ओरडून सांगावंसं वाटत होतं, वर बघा, आता खाली, दाबा, मी सांगते तेव्हा दाबा. मी हाताची मूठ तोंडाशी धरली आणि उभी राहिले.

बऱ्याच वेळाने त्या पांढऱ्या गोलातून ह्यांचा आवाज आला.

"अगं, मशीन बंद पडलं का?"

तिच्या पडद्यावर ठिपके उमटतच होते. मुलीने माझ्याकडे बघितलं. बंद पडलंय म्हणावं, एवढं माझ्या ओठांवर आलं होतं.

"नाही हो," मी म्हटलं. "चालू आहे."

ह्यांनी हनुवटी पुन्हा नीट टेकवली आणि अंगठा बटणावर ठेवून, न दाबता, समोर बघत राहिले.